ओळ तीनशे बारा

शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला, नोंदणीच्या तीन नंबर खिडकीसमोर बावीस माणसं रांगेत उभी असताना, ठसकाच्या डाव्या कानात बातमी पडली की ती चोर आहे.

उजवा कान पेशंटसाठी, डावा मशीनसाठी, ही तिची एकोणीस वर्षांची वाटणी. डाव्या कानातल्या इयरफोनमधून कॉम्प्युटरवरचा स्क्रीन रीडर सतत बोलत असतो. पडद्यावर जे लिहिलेलं आहे ते वाचून दाखवणारा हा प्रोग्राम. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा लोकांत त्याला नुसतं 'बोलका' म्हणतात. ठसकाचा बोलका तर इतका सुसाट की शेजारच्या खिडकीवरच्या बाईने एकदा कानाला लावून बघितला आणि लगेच काढून ठेवला. "अहो, पत्र्यावर गारा पडतायत का आत?"

त्या गारांमध्ये ठसकाने ऐकलं: "आपला अ‍ॅड-ऑन भांडारातून तात्पुरता थांबवला आहे. दुसऱ्याचं काम स्वतःच्या नावावर दिल्याची तक्रार आली आहे. खुलासा पाठवावा."

"बाई, माझा नंबर?" खिडकीपलीकडून एक म्हातारा म्हणाला.

"एकशे सात. हाडांचा विभाग, पहिला मजला, डावीकडे," ठसका म्हणाली. आवाज जराही हलला नाही. आतून मात्र पेट घेतला होता.

ठसका हे तिचं खरं नाव नाही हे सांगायला नको. चारशे लोकांच्या एका मेल-यादीवर तिने स्वतःच हे नाव घेतलं. बोलक्याची दुखणीखुपणी एकमेकांना विचारायची, अशी ती यादी. तिथे कुणी कंपनीवाला "आम्ही दिव्यांगांची सेवा करतो" असं सुरू झाला की ही दोन ओळींत त्याला खोकायला लावायची, म्हणून ठसका. कोड लिहायला तिला कुणी शिकवलेलं नाही. मदतीची पानं, चुकांचे संदेश आणि शिव्या, एवढ्या तीन गुरूंकडे ती शिकली.

आता हा अ‍ॅड-ऑन काय, ते सांगतो. रुग्णालयाचा नोंदणीचा प्रोग्राम डोळसांनी डोळसांसाठी केलेला. पेशंटांची यादी एका मोठ्या तक्त्यात दिसते. डोळसांना. बोलका मात्र त्या तक्त्यापाशी येऊन अडायचा आणि म्हणायचा, "तक्ता. तक्ता. तक्ता." एखादं मूल दारात उभं राहून आईला हाक मारतं तसं. नऊ वर्षांपूर्वी दुसऱ्या एका रुग्णालयातल्या, तिच्यासारख्याच अंध टेलिफोन ऑपरेटरने यावर तोड काढली. बोलक्याला जोडायचा एक छोटा तुकडा लिहिला. तो जोडला की तक्ता घडाघडा बोलायचा: नाव, वय, विभाग, नंबर. ऑपरेटरने तो जोड सगळ्यांसाठी फुकट, उघडा ठेवून दिला. पुढे त्याचा पत्ता लागेना, मेल परत येऊ लागले. बोलक्याच्या नव्या आवृत्त्या येत गेल्या आणि जोड मोडत गेला. तेव्हापासून तीन वर्षं ठसका त्याला ठिगळं लावत होती. वेगवेगळ्या रुग्णालयांत चाळीसेक माणसं त्या ठिगळांवर आपापल्या खिडक्या चालवत होती.

पण येत्या सोमवारी ठिगळाने भागणार नव्हतं. बोलक्याची नवी आवृत्ती जुन्या बांधणीचा जोड दारातच अडवणार होती. आणि रुग्णालयातली सगळी मशीन्स सोमवारी सकाळी आठला त्या आवृत्तीवर जाणार होती. कॉम्प्युटर विभागाचा नियम असा, की जोड घ्यायचा तो फक्त सार्वजनिक भांडारातूनच, जिथे राखणदार तपासून मगच वस्तू मांडतो. म्हणून ठसकाने दोन महिने खपून जोड नव्याने बांधला आणि गुरुवारी भांडारात दिला.

मोठे साहेब गेल्याच आठवड्यात खिडकीशी येऊन गेले होते. "नव्या सिस्टिममध्ये नाही जमलं तर वाईट वाटून घेऊ नका हं, बाई. नुसतं बसून राहायचं. कुणी काही म्हणणार नाही."

नुसतं बसून राहायचं. ज्याला हे वाक्य कधी कुणी ऐकवलं नाही, त्याला ते प्रेमाचं वाटेल. ठसकाच्या ओळखीतली तीन माणसं अशीच प्रेमाने बसवली गेली होती. त्यातला एक आता कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून दिवसभर लिफ्टचे आवाज मोजतो. सोमवारी आठपर्यंत जोड भांडारात हवा होता, नाहीतर तीन नंबरची खिडकी गेली, आणि तिच्यामागोमाग बाकीच्यांच्याही.

आणि आता हे. चोर!

रांग संपेपर्यंत तिने दम धरला. बाराला खिडकी बंद केली आणि चारशे लोकांच्या यादीवर मेल ठोकला. "ज्या कुणा रिकामटेकड्याने माझ्यावर तक्रार केली आहे त्याने समोर यावं. हा जोड मी तीन वर्षं पोसला आहे. फायलीच्या माथ्यावर कुणाचंही नाव नाही, ती मी हजार वेळा ऐकली आहे. पुरावा असेल तर दाखवा. नसेल तर तोंड बंद ठेवा आणि काम करणाऱ्यांना काम करू द्या."

घरी पोचून चपला काढते तोच उत्तर आलं. यादीवर कधीच न बोललेल्या एका बाईचं. "मी रिकामटेकडी नाही, मी शिवणकाम करते. ऑपरेटर माझा धाकटा भाऊ. त्याला जाऊन तीन वर्षं झाली. तुमच्या फायलीची ओळ तीनशे बारा वाचा."

ठसकाने फाईल उघडली आणि तीनशे बारावर जायचा हुकूम सोडला. बोलका म्हणाला, "तीनशे तेरा," आणि पुढचा कोड वाचू लागला. तिने पुन्हा हुकूम दिला. पुन्हा तीनशे तेरा.

ती हसली. मग तिने बोटं वाजवत लिहिलं, "वाचली. तीनशे बारावर काहीच नाही. शिवणकामातून वेळ मिळाला तर आधी मोजायला शिका."

दोन मिनिटांत राखणदाराचा मेल आला, फक्त तिलाच. "ठसका, आहे. मी आत्ताच वाचली. कृपा करून आणखी काही लिहू नका."

राखणदार कधी उगाच बोलत नाही हे तिला माहीत होतं. 

"आई," तिने हाक मारली, "जरा येता का इकडे? चष्मा घेऊन."

सासूबाई आतून आल्या. अडतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेल्या. अजूनही औषधाच्या चिठ्ठीवर लाल पेन्सिल फिरवल्याशिवाय त्यांना औषध लागू पडत नाही. ठसकाचा नवरा लांबच्या ट्रकवर ड्रायव्हर, आठ-आठ दिवस बाहेर. घरात या दोघीच, आणि दोघींच्या जिभेला सारखीच धार.

"काय वाचायचंय?"

"ओळ तीनशे बारा. डावीकडे आकडे असतील बघा."

सासूबाई पडद्याशी वाकल्या. त्यांची वाचायची रीत छापखान्याची: समोर मूळ प्रत घेऊन कुणी बसलं आहे असं समजून, टिंबासकट.

"हॅश. एक जागा सोडून. 'ताई म्हणते माणसाचं आधी नाव सांगावं स्वल्पविराम मग वय पूर्णविराम म्हणून इथे रकाने उलटे लावलेत पूर्णविराम बदलू नये पूर्णविराम.' झालं."



"पुन्हा वाचा."

"अगं, आहे तेच वाचणार. वाचू पुन्हा?"

"नको," ठसका म्हणाली. हॅश. ओळीच्या सुरुवातीला हॅशची खूण असली की मशीन ती ओळ सोडून देतं. ती माणसाने माणसासाठी लिहिलेली टीप असते. सहा वर्षांपूर्वी, ही नवीनच शिकत असताना, लोक फायलीत शोभेला ऐंशी-ऐंशी हॅशच्या रांगा ओढायचे आणि बोलका त्या सगळ्या एकेक करून वाचायचा. हॅश हॅश हॅश हॅश. एके दिवशी वैतागून तिने बोलक्याला सांगून टाकलं: हॅशने सुरू होणारी ओळ मला ऐकवूच नकोस. त्याने ऐकलं. ती विसरली. डोळसांना ही चूक करताच आली नसती. त्यांना नको असलेली ओळही डोळ्यांच्या कोपऱ्यात दिसतेच.

"आई, आता दुसरी फाईल. जुनी. अगदी वरपासून."

सासूबाईंनी वाचलं. माथ्यावर सतरा ओळी होत्या. कॉपीराइट, साल, ऑपरेटरचं पूर्ण नाव वडिलांच्या नावासकट. मग परवाना, साध्या भाषेत: हे कुणीही वापरावं, कुणीही बदलावं, कुणालाही द्यावं. अट एवढीच, की या ओळी जागच्या हलवू नयेत. ज्याने बदल केला त्याने आपलं नाव आणि तारीख लिहावी. पुढे देताना हीच मोकळीक पुढच्यालाही द्यावी. आणि जो हे मोडेल त्याची परवानगी तिथेच संपेल.

"आणि नव्या फायलीत वर काय आहे?"

"तुझं नाव," सासूबाई म्हणाल्या. "लेखक म्हणून. बाकी काही नाही."

पहिल्या ऐकू आलेल्या ओळीपासून खाली सगळं निवडायचं आणि नव्या फायलीत उतरवायचं, असं तिने केलं होतं. तिला ऐकू येणारी पहिली ओळ होती अठरावी. आणि लेखकाच्या रकान्यात स्वतःचं नाव टाकलं ते अडचणी कुणाला विचारायच्या ते लोकांना कळावं म्हणून. मेलेल्या पत्त्यावर मेल पाठवून काय करणार?

"मी मुद्दाम नाही केलं, आई."

"मी कुठे म्हटलं मुद्दाम केलंस?" सासूबाईंनी चष्मा काढला. "अडतीस वर्षं लोकांची पुस्तकं तपासली. एकावरही माझं नाव नाही, आणि मला ते नकोच होतं. पण लेखकाचं नाव गळालं तर आम्ही छापलेला अख्खा फर्मा, सोळाही पानं, रद्दीत घालायचो. अक्षरांचे खिळे कुणी चुकीचे जुळवले ते नंतर विचारायचो."

"मला रागवा तरी नीट."

"रागवायला चारशे लोक आहेत की तुझे. मी वरण गरम करते."

त्या संध्याकाळी ठसकाने बोलक्याची ती सोय बंद केली आणि जोडाची जुनी फाईल पहिल्यापासून ऐकली. हॅशसकट. ऑपरेटर हजार ओळींच्या आत पसरून बसला होता. अठ्ठ्याऐंशीव्या ओळीवर त्याने लिहिलं होतं, तक्ता भरायच्या आत वाचायला गेलात तर रिकामा सापडतो, म्हणून इथे क्षणभर थांबायचं. हेच शोधून काढायला तिला यंदा तीन आठवडे लागले होते. आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन तिने यादीवर ते मिरवलंही होतं. कुठे त्याने लिहिलं होतं, 'हे मला नीट कळलेलं नाही, कुणाला कळलं तर सांगा.' कुठे नुसतं, 'आज दमलो.' एक-दोनदा तिला चिडून म्हणावंसं वाटलं, अरे, मोठ्याने सांगायचंस ना! मग आठवलं की तो मोठ्यानेच सांगत होता.

तिने सतरा ओळी परत वर बसवल्या. लेखक म्हणून त्याचं नाव घातलं, त्याखाली एक ओळ: दुरुस्ती, ठसका, यंदाचं साल.

रविवारी सकाळी तिने राखणदाराला फोन लावला.

"नाव परत घातलं. आता मांडा."

"नाही मांडता येत," राखणदार म्हणाला. आवाज थकलेला. "परवान्यात शेवटचं वाक्य काय आहे? जो मोडेल त्याची परवानगी संपेल. तुमची संपली, ठसका. या परवान्यात ती आपोआप परत येत नाही. हक्क ज्याचा आहे त्याने पुन्हा दिली पाहिजे."

"तो तर गेला."

"हक्क मागे राहतो. वारस बहीण आहे. तिने 'हो' म्हटलं तर मी पाच मिनिटांत मांडतो."

"उद्या आठला आमच्याकडे..."

"मला माहीत आहे. आणखी सोळा रुग्णालयांतून काल मला फोन आलेत. आठवड्याभरात सगळीकडे तेच होणार आहे. नंबर लिहून घ्या."

ठसकाने नंबर फिरवला. दोनदा अर्ध्यावर सोडला. तिसऱ्यांदा घंटी वाजली. पलीकडे शिलाई मशीनची घरघर आणि त्यावरून एक बसका आवाज.

"हॅलो?"

"मी... ठसका बोलतेय. तो जोड..."

मशीन थांबलं नाही. "रिकामटेकडी बोलतेय. बोला."

"माझं चुकलं."

"काय चुकलं?"

"नाव गळालं."

"ते एक झालं. दुसरं?"

 माफी मागायची तिला सवय नव्हती. दुसऱ्याला मागायला लावायची होती. "तुम्हाला बोलले ते."

"चारशे लोकांच्या तोंडावर बोललात. आणि आता माझ्या कानात सांगताय."

"यादीवर लिहिते."

"लिहा. मी म्हणते म्हणून नको. लिहायचं असेल तर लिहा." घरघर वाढली, कमी झाली. "मला एक सांगा. ज्याचं घर आयतं मिळालं, त्याची पाटी कशाला काढायची? त्याच्या पाटीने तुमचं काय अडलं होतं?"

"पाटी ऐकूच आली नाही मला," ठसका म्हणाली, आणि हॅशची हकिकत सांगितली. मध्येच थांबावंसं वाटलं, ऐकताना इतकी मूर्खपणाची वाटत होती. पण शेवटपर्यंत सांगितली.

मशीन थांबलं.

"म्हणजे तीन वर्षं त्याच्या फायलीत राहिलात आणि त्याचं अक्षरही ऐकलं नाहीत?"

"काल ऐकलं. सगळं."

"त्याला दवाखान्यात बसून लिहिताना मी बघितलंय. मी म्हणायची, पुरे कर, कोण वाचणार हे? म्हणायचा, माझ्यानंतर जो दुरुस्त करायला येईल तो वाचेल." बाई हसली, हसण्यात गोडवा नव्हता. "आलात तुम्ही."

 

"सोमवारी आठला मशीन्सवर नवी आवृत्ती चढतेय," ठसका म्हणाली. "तुमचं 'हो' नसेल तर माझी खिडकी जाईल. बाकीच्यांच्याही."

"ते ऐकलं मी राखणदाराकडून. दुरुस्त केलेली फाईल मला पाठवा. मी सगळी वाचीन, मग ठरवीन."

"बाराशे ओळी आहेत."

"माप घेताना मी कधी घाई केलेली नाही," बाई म्हणाली आणि मशीन सुरू झालं.

ठसकाने फाईल पाठवली. मग यादीवर लिहिलं. पहिल्या मसुद्यात अकरा ओळी सारवासारव होती, ती पुसली. उरलं ते इतकंच: "ओळ तीनशे बारा आहे. ऑपरेटरच्या बहिणीला मी जे बोलले ते चूक होतं आणि उद्धट होतं. जोड ऑपरेटरचा आहे. त्याचं नाव माझ्या हातून गळालं. मी माफी मागते." पाठवायच्या बटणावर बोट ठेवून ती बराच वेळ बसली. सासूबाई शेजारून जाता जाता म्हणाल्या, "'उद्धट' बरोबर लिहिलंयस का? दाखव." त्यांनी पाहिलं, "बरोबर आहे," म्हणाल्या. मग ठसकाने बटण दाबलं.

रविवार गेला. उत्तर आलं नाही.

सोमवारी पावणेआठला ती खिडकीशी होती. कॉम्प्युटर विभागाचा इंजिनिअर तिच्या मशीनवर नवी आवृत्ती चढवत होता. बोलका नव्या आवाजात जागा झाला, तक्त्यापाशी आला आणि म्हणाला, "तक्ता. तक्ता. तक्ता."

इंजिनिअर जरा जवळ सरकला. "मॅडम, भांडारात अडकलंय म्हणे. पण तुमचा जोड तुमच्या पेनड्राइव्हवर आहेच ना? मी दोन मिनिटं पाणी पिऊन येतो. परत आल्यावर मला काही दिसलेलं नसेल."

चांगला मुलगा होता. त्याच्या बोलण्यात दया नव्हती, नुसती मदत होती. ठसकाचा हात पर्समध्ये गेलाही. पेनड्राइव्ह बोटांना लागला. शेजारच्या खिडकीवर नंबर पुकारायला सुरुवात झाली होती. तिच्या खिडकीसमोर पावलं येऊन थांबत होती, एकामागे एक.

शनिवारी तिला चोर म्हटलं ते खोटं होतं. तिने जाणूनबुजून काही केलं नव्हतं. आज केलं तर ते खरं होईल. आणि ज्यांच्याकडे पाणी प्यायला जाणारा इंजिनिअर नाही, त्या बाकीच्यांनी काय करायचं? तिने हात बाहेर काढला.

"पाणी नंतर प्या. मला आधी पडद्यावर नंबराने शोधायची चौकट उघडून द्या."

"त्याने फार वेळ लागेल, मॅडम."

"लागू दे."

जोडाशिवाय तिला यादी ऐकू येत नव्हती. एकाच नावाचे दोन पेशंट असले तर कोणत्या ओळीवर आहोत ते कळायचा मार्ग नव्हता, आणि चुकीच्या ओळीत औषध गेलं तर माणूस जाईल. म्हणून ती प्रत्येकाकडून जुना नोंदणी क्रमांक विचारायची, आठ आकडे, टंकून दोनदा ऐकायची, मग जन्मसाल विचारून ताडून बघायची. एका माणसाला चार मिनिटं. साडेनऊपर्यंत रांग दाराबाहेर गेली.

"काय चाललंय हो?" कुणीतरी ओरडलं. "झोपा काढताय का आत?"

"झोपले असते तर तुमचा आवाज ऐकला असता का? क्रमांक सांगा!"

"त्यांना दिसत नाही वाटतं," दुसरं कुणी हलक्या आवाजात म्हणालं.

"ऐकू येतं मात्र चांगलं," ठसका म्हणाली. "पुढचा."

दहाला मोठे साहेब आले. त्यांच्या अत्तराचा वास आधी आला. "बाई, मी म्हणालो होतो ना? कशाला त्रास करून घेता? एक नंबरवरची मुलगी तुमचीही रांग घेईल. तुम्ही आत बसा."

"रांग संपली की बसते."

"ही रांग आज संपणार नाही."

"मग आज बसणार नाही."

 साहेब म्हणाले, "बारापर्यंत बघतो," आणि गेले.  डाव्या कानात दर पाच मिनिटांनी ठसका मेल तपासत होती. काही नाही. काही नाही. यादीवरची कुणाची तरी बातमी: "आमच्याकडेही आज बदललं. तक्ता तक्ता चालू झालंय. बहीणबाईंनी मनावर घ्यावं." त्याखाली आणखी एकाचं: "त्यांना घाई करू नका. चूक आपल्या बाजूची आहे." 'आपल्या' हा शब्द तिला खुपला आणि बरंही वाटलं.

दहा पन्नासला उत्तर आलं. समोर एक बाई कडेवरच्या लेकरासाठी आकडे सांगत होती. ठसकाने तिचं काम पुरं केलं, मगच मेल ऐकला.

"वाचलं. माझ्या भावाचं सगळं जागेवर आहे. पण एक चूक आहे. तुम्ही तुमचं नाव वर एकदाच घातलंय. आत कुठल्या ओळी तुमच्या आणि कुठल्या त्याच्या, ते कुणाला कळणार? ओळ पाचशे चाळीस मी कोड न कळताही ओळखली, ती त्याची नाही. तो असं गचाळ काम करत नसे. जिथे जिथे तुम्ही हात लावलाय तिथे तुमचं नाव आणि तारीख घाला. तुमच्या चुका माझ्या भावाच्या नावावर नकोत. ते झालं की मी हो म्हणते."

गचाळ! पाचशे चाळीस ही तिच्या मते अख्ख्या फायलीतली सगळ्यात देखणी ओळ होती. तोंडाशी आलेलं वाक्य तिने दात आवळून आत ठेवलं. कारण सतरा ओळींत ते लिहिलेलं होतंच: ज्याने बदल केला त्याने आपलं नाव आणि तारीख लिहावी. माफी मागताना तिने त्याचं नाव परत दिलं होतं. स्वतःचं देणं राहिलंच होतं. तिला वाटलं होतं ते मिरवणं होईल.

"पंधरा मिनिटं खिडकी बंद," तिने पुकारलं. रांगेतून शिव्या आल्या. त्या तिने घेतल्या.

बदल एकतीस ठिकाणी होते. प्रत्येक ठिकाणी हॅश, नाव, तारीख, आणि काय बदललं ते एका वाक्यात. बोलका आता प्रत्येक हॅश मोठ्याने उच्चारत होता. पाचशे चाळीसवर तिने लिहिलं: 'ही ओळ ठसकाची. हिच्यात काही बिघडलं तर मला विचारा.' फाईल पाठवली आणि मिनिटं मोजू लागली. खिडकीच्या काचेवर कुणीतरी नाणं वाजवत होतं.

अकरा वाजून बावीस मिनिटांनी यादीवर, चारशे लोकांसमोर, एक मेल आला: "ऑपरेटरची वारस या नात्याने मी ठसका यांना परवानगी पुन्हा देते. अटी त्याच." अकरा तीसला जोड भांडारात मांडला गेला. इंजिनिअर धावत आला, त्याने बटणं दाबली, आणि पडद्यावर बसवण्याआधीची ती चौकट उघडली, जी सगळे न वाचता पुढे ढकलतात.

बोलका वाचू लागला. कॉपीराइट. साल. ऑपरेटरचं नाव, वडिलांच्या नावासकट. मग परवाना.

"मॅडम, 'पुढे' दाबा ना, ते सगळं नाही ऐकलं तरी चालतं," इंजिनिअर म्हणाला.

"थांबा."

"बाई!" काचेपलीकडून कुणी तरी खेकसलं. "अजून किती?"

"एक माणूस बोलतोय," ठसका म्हणाली. "त्याचं झालं की तुमचंच."